मळेकरी जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव निघाले की भिडे वाड्यातील मुलींची शाळा आठवते, सत्यशोधक समाज आठवतो. पण हा माणूस जन्मभर शेतकरी होता, भाजीपाल्याच्या व्यवहारातला होता, हे पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या ओळीत येऊन जाते. आपल्या भिवंडी तालुक्यात मानकोली, पूर्णा, दापोडे या बाजूंना जेथे भाताची खाचरे होती तेथे आज गोदामे उभी आहेत. अशा गावात शिकणाऱ्या आपण मुलांनी तरी जोतीरावांची ही बाजू पाहिली पाहिजे, असे मला वाटते.

त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायामुळे पुण्यात त्यांना फुले म्हणू लागले. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई ते अगदी लहान असतानाच वारली. वडील गोविंदराव शेती करीत व फुले-भाजीपाला विकीत. जोतीराव शाळेत गेले खरे, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, अशा लोकांच्या बोलण्याने वडिलांनी त्यांना शाळेतून काढले व मळ्यात कामाला लावले. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी लग्न झाले. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये त्यांची शाळा पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांत हातात खुरपे होते. पुढे शेतीवर त्यांनी जे लिहिले त्यात ऐकीव काही नाही, त्याचे कारण मला या वर्षांत दिसते.

१८४८ ची मुलींची शाळा, १८५२ चा विश्रामबाग वाड्यातील सत्कार, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी लागणारा पैसा कोठून येत असे, हे मात्र कोणी विचारीत नाही. जोतीरावांनी सरकारी नोकरी धरली नाही. बांधकामाची कंत्राटे, भाजीपाल्याची अडत आणि शेती यांवर त्यांचा संसार व सार्वजनिक काम दोन्ही चालत.

पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी जमीन घेतली. खडकवासल्याचा कालवा झाला, पाणी शिवारात आले. पण शेतकरी ते घेण्यास बिचकत होते. पाणीपट्टीची धास्ती, नव्या पिकांची माहिती नाही, आणि सरकारी कामगारांचा अनुभव काही चांगला नव्हता. जोतीरावांनी व्याख्याने देत न बसता स्वतःच्या रानात कालव्याचे पाणी फिरवले आणि भाजीपाला, फुलझाडे करून दाखवली. शेजारच्या बांधावरून पीक दिसते, ते माणसाला पटते.

कालव्याचे त्यांना कौतुक होते, पण आंधळे नव्हते. पाणी देणारे अधिकारी शेताची गरज पाहत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याच्या पाण्यास तोटी बसवावी, अशी सूचना त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात केली. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जिरवावे, तळ्यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, गायराने गावांना परत द्यावीत, दरवर्षी शेतीची प्रदर्शने भरवावीत, हेही त्यात आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा ही घोषणा भिंतींवर रंगण्याच्या शंभर वर्षे आधीचे हे विचार! हा ग्रंथ ‘दीनबंधू’त क्रमशः येऊ लागला. त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे, आपल्या ठाण्यात जन्मलेले व पुढे गिरणी कामगारांचे पुढारी झालेले. तेही पहिले दोन भाग छापून थांबले. जवळच्या माणसांनाही न पेलणारी भाषा त्यात होती.

१८७६–७७ च्या दुष्काळात या पतिपत्नींनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालवले. त्याच सुमारास जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. भाजीच्या व्यापारातला हा माणूस मंडईच्या नव्या इमारतीवर मोठा खर्च करण्याच्या विरुद्ध होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यास वाटे. मंडई १८८६ मध्ये झालीच, आणि पुढे तिलाच त्यांचे नाव मिळाले.

१८८८ च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जडजवाहिरांनी सजलेल्या मंडळींत जोतीराव फाटके पागोटे आणि घोंगडी अशा शेतकरी वेषात गेले. या दागिन्यांवरून देशाची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यांत उपाशी आहे, असे त्यांनी राजपुत्रास सुनावले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईकरांनी त्यांना महात्मा पदवी दिली आणि जुलैत पक्षाघाताने उजवे अंग गेले. मग डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले.

धंदा मोडला होता, घरात ओढग्रस्त होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती व घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. वस्तीत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दहन करावे लागले. दत्तकपुत्र यशवंताच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि हाती टिटवे धरून अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या.