नांगर आणि कम्युनिकेशन स्किल्स

थर्ड इयर संपत आलं की होस्टेलवर आणि पुंडलिकनगरच्या रूम्सवर एकच चर्चा सुरू होते – कॅम्पस, जी.डी. आणि कम्युनिकेशन स्किल्स! आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं, कम्युनिकेशन म्हणजे फाडफाड इंग्लिश. अशा वेळी एका मराठी उद्योजकाची आठवण होते, ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येईनात, म्हणून रंग सोडून ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे आजचं व्हीजेटीआय!) त्यांनी हाच विषय शिकवला. मनातलं यंत्र दुसऱ्याला समजेल असं कागदावर उतरवायचं, हेच तर इंजिनिअरचं पहिलं कम्युनिकेशन.

नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली बेळगावला पाठवत आणि तिथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत. नुसत्या विकत नसत, चालवायलाही शिकवत. सायकल हा प्रकारच तेव्हा नवीन, त्यामुळे शिकवल्याशिवाय गिऱ्हाईक घेणार तरी कसं?

खरी परीक्षा पुढे होती. नोकरीत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणराव बेळगावला आले आणि कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा, लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटवायचा. तांत्रिकदृष्ट्या माल सरस होता, तरी कोणी घेईना! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली. आपण असतो तर शेतकऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे झालो असतो. पण जमीन हेच ज्याचं सगळं भांडवल, तो धोका कसा पत्करेल? त्याची ही भीती दूर करणं हाही धंद्याचाच भाग होता, आणि लक्ष्मणरावांनी तो चिकाटीने केला.

बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे तिथून हलावं लागलं, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. माळरान, निवडुंग, सापांचा सुळसुळाट! तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढलं. संपादक होते त्यांचे पुतणे शंकरराव. मालाची माहिती ग्राहकापर्यंत पोचवायला निघालेलं हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ नावाने घराघरांत वाचलं गेलं. एक नांगराचा कारखाना वाचकांशी मराठीत बोलू लागला!

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

उद्या आपल्यापैकी कोणी वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या कंपनीत साहेब होईल. तिथे नवं मशीन बसवताना वीस वर्षं जुन्या मशीनवर काम केलेला ऑपरेटर शंका काढेल. त्याची शंका आधी नीट ऐकून घेणं आणि त्याला कळेल अशा भाषेत उत्तर देणं जमलं पाहिजे. इंग्लिश जरूर शिकूया. पण सुरुवात म्हणून आपलं फायनल इयर प्रोजेक्ट घरी आई-वडिलांना समजावून बघा. त्यांनी उलट प्रश्न विचारले, तर समजा जमतंय!