कलामहर्षी बाबुराव पेंटर

मुरुडच्या किनाऱ्यावर होड्यांवर रंगविलेली नावे आणि बाजारातील दुकानांच्या पाट्या आपण नित्य पाहतो. परंतु त्या रंगविणाऱ्यास कलावंत म्हणावयास आपण सहसा तयार नसतो. जाहिरातीचे चित्र म्हणजे केवळ पोटार्थी काम, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती समजूत ज्यांच्या चरित्राने खोटी ठरते, त्या बाबुराव पेंटर यांचा अल्प परिचय आम्ही वाचकांस करून देत आहोत.

बाबुरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरास झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे निष्णात कारागीर होते. बाबुरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले; तथापि आप्तबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी कुंचला हाती धरला, आणि नाटक मंडळ्यांसाठी त्या उभयतांनी रंगविलेले पडदे इतके गाजले की, पेंटर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाल्यावर या बंधूंस चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली निवर्तले. सहकारी गेला, द्रव्यबळही नव्हते. तरी बाबुराव खचले नाहीत. शिष्य दामले यांच्या साह्याने त्यांनी १९१८ मध्ये स्वतःच कॅमेरा तयार केला. त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्यास झळकला, आणि लोकमान्य टिळकांनी त्यांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

परंतु आम्हांस विशेष सांगावयाचे ते निराळेच आहे. त्या काळी खेळाची जाहिरात बहुधा अक्षरांचीच असे. ज्यास अक्षरओळख नाही त्याने ती वाचावी कशी? आणि असे लोकच तर देशात बहुसंख्य होते! बाबुरावांनी ही अडचण ओळखली व आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वहस्ते चितारली. रस्त्याने जाणाऱ्यास क्षणभर थांबविणे व त्या क्षणात कथेचा गाभा त्याच्या मनावर ठसविणे, हे त्या चित्राचे कार्य होय. त्यासाठी अनेक प्रसंगांतून एकच निवडावा लागतो, अनावश्यक ते गाळावे लागते, आणि दुरून दिसेल अशी आकृती व रंग योजावे लागतात. हे केवळ हस्तकौशल्य नव्हे. यास विवेक लागतो.

१९२४ सालच्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या शिवकालीन चित्रपटाचे भित्तिपत्रक हे उपलब्ध भारतीय सचित्र भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते. दैवगती पाहा! ज्या मूकपटांसाठी बाबुरावांनी रात्रीचा दिवस केला, ते बहुतेक नामशेष झाले. आणि चार दिवसांनी भिंतीवरून फाटून जावयाचा कागद मात्र त्यांची साक्ष देण्यास मागे उरला.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम या शिष्यांनी १९२९ साली भागीदारीत ‘प्रभात’ कंपनी स्थापिली. बाबुरावांचे देहावसान १६ जानेवारी १९५४ रोजी झाले.

विद्यार्थीमित्रहो, संमेलनाचा फलक रंगविण्याचे काम तुमच्याकडे आले तर ते हलके मानू नका. आणि पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाच्या हाती कुंचला दिसताच त्याचा वेळ व्यर्थ चालला असे समजू नये. थोड्या दिवसांचे काम म्हणून बाबुरावांनी त्यात कसूर केली असती, तर आज त्यांच्या त्या युगाचे दर्शन आपणांस कोठून घडते?