मेंदूला इजा झाल्यावर पुन्हा शिकता येतं का? कार्ल लॅशली यांचा शोध

आपल्या नांदेड-लातूरकडे पक्षाघात झाला की अंगावरून वारं गेलं, असं म्हणतात. जीव वाचला की नातेवाईक विचारतात, डॉक्टर, विसरलेलं परत येईल का? याच प्रश्नावर एका शास्त्रज्ञाने आयुष्य घालवलं. त्याची माहिती तुम्हाला उपयोगी पडेल.

कार्ल लॅशली यांचा जन्म 1890 साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात झाला. ते प्राणिशास्त्र शिकले आणि पुढे मिनेसोटा, शिकागो व हार्वर्ड विद्यापीठांत काम केलं. आठवण मेंदूत नेमकी कुठे साठते, हे त्यांना शोधायचं होतं. ते उंदरांना भूलभुलैयातली वाट शिकवत, मग मेंदूच्या बाह्य थराचा थोडा भाग काढून पुन्हा परीक्षा घेत. जितका जास्त भाग काढला, तितक्या चुका वाढल्या. भाग कुठला, यापेक्षा किती मोठा, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. 1929 साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडलं.

उजेड आणि अंधार यांतला फरक ओळखण्याचा प्रयोग रुग्णांसाठी जास्त बोलका आहे. मेंदूचा मागचा भाग काढल्यावर उंदीर ही शिकवण विसरले. पण सराव दिल्यावर पहिल्यांदा लागला होता साधारण तेवढ्याच प्रयत्नांत ते पुन्हा शिकले. आकार ओळखण्याची क्षमता मात्र दृष्टीचा भाग पूर्ण गेल्यावर परतली नाही.

लॅशली 1958 साली वारले. त्याच्या आदल्याच वर्षी एका रुग्णाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. शस्त्रक्रियेत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग काढल्यावर त्याच्या नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. म्हणजे जागेलाही महत्त्व आहे. माणसात बोलण्याचं केंद्र बहुधा डाव्या बाजूला असतं. त्यामुळे उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तुमच्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. इजा जितकी लहान, तितकं चांगलं. म्हणून तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर तेल चोळत बसू नका. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सीटी स्कॅन करून, साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते प्रत्येकाला चालतंच असं नाही.

दुसरी गोष्ट सरावाची. फिजिओथेरपी आणि बोलण्याचे व्यायाम रोज करून घ्या. सगळं परत येईल, असं वचन कुणी डॉक्टर देऊ शकत नाही. पण रुग्ण चमचा धरायला विसरला, म्हणून कायम भरवत राहू नका. वेळ लागला तरी त्यालाच धरू द्या.