अंड्यातून निघालेला देव

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या आत्याच्या मुलाला आकडी येत असे. आमच्या शेजारच्या गावात एका बाबांचे मोठे प्रस्थ होते. आपला प्रश्न कागदावर लिहायचा, कागदाची घडी डिंकाने चिकटवायची आणि चिठ्ठी बाबांच्या पायाशी ठेवायची. चिठ्ठी न उघडताच बाबा उत्तर देतात, अशी त्यांची ख्याती. घरात लिहिता येणारा मी एकटाच. आत्याने सांगितले आणि मी सुवाच्य अक्षरात प्रश्न लिहून दिला. उत्तर आले, अंगारा आला, आत्याच्या दोन शेळ्या विकल्या गेल्या. आकडी मात्र थांबली नाही. पुढे दोन वर्षांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील गोळ्यांनी ती आटोक्यात आली.

बंद चिठ्ठी वाचली कशी, हे कोडे माझ्या मनात तसेच राहिले होते. यंदा इतिहासाच्या सरांनी एक पुस्तक वाचायला दिले आणि कोडे सुटले. ते सोडवणारा माणूस अठराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव ल्युसियन. आणि ज्याच्यामुळे ते सुटले त्याचे नाव अलेक्झांडर. वाचकांनी गोंधळू नये. हा जग जिंकायला निघालेला सिकंदर नव्हे. याने देश जिंकले नाहीत, माणसांची मने जिंकली. आणि तीही खोटेपणाने.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील अबोनोटिकस या लहानशा गावी अलेक्झांडरचा जन्म झाला. आज हा भाग तुर्कस्तानात आहे. त्या काळी तेथे रोमन साम्राज्याची सत्ता होती. मुलगा देखणा, उंच, आवाज गोड, बुद्धी तल्लख. तरुणपणी तो एका भोंदू वैद्याच्या हाताखाली राहिला आणि जडीबुटी, मंत्रतंत्र व बोलण्याची कला शिकला. वैद्य मेल्यावर त्याने बायझँटियमच्या कोकोनास नावाच्या माणसाशी भागीदारी केली. फिरत फिरत दोघे मॅसिडोनियातील पेला येथे पोहोचले. तेथे माणसाळलेले मोठमोठे साप मिळत. त्यांनी थोडक्या पैशांत एक देखणा साप विकत घेतला.

माणसाच्या आयुष्यावर दोनच गोष्टींचे राज्य चालते, भीती आणि आशा, हे या दोघांनी नेमके हेरले होते. ज्याला या दोन्हींची किल्ली सापडली, त्याला पैशाला तोटा नाही. मग त्यांनी कॅल्सिडोन येथील अपोलोच्या देवळात पितळी पत्रे पुरून ठेवले आणि पुढे ते सापडतील अशी व्यवस्था केली. आरोग्याचा देव एस्क्लेपियस लवकरच अबोनोटिकसला वास्तव्यास येणार, असा मजकूर त्यांवर होता. आपल्याकडे धन्वंतरीचे जे स्थान, तेच तिकडे एस्क्लेपियसचे. बातमी पसरली. गावकऱ्यांनी देवळाचा पाया खणायला घेतला. कोकोनास मध्येच वारला. अलेक्झांडर मात्र लांब केस सोडून, जांभळा-पांढरा अंगरखा घालून गावात अवतरला. एक मुळी चघळून तो तोंडाला फेस आणी. लोकांना वाटे, अंगात आले!

एका रात्री त्याने पायाच्या खड्ड्यातील चिखलात हंसिणीचे एक अंडे लपवले. अंडे आधीच पोकळ करून त्यात सापाचे नुकतेच जन्मलेले पिल्लू घातलेले आणि भोक मेणाने बुजवलेले. सकाळी तो कमरेला सोनेरी पट्टा बांधून बाजारात धावत सुटला. मग खड्ड्यात उतरून त्याने ते अंडे सर्वांसमक्ष काढले आणि फोडले. पिल्लू वळवळले. देव जन्माला आला! लोकांनी गुडघे टेकले.

काही दिवसांनी अंधाऱ्या खोलीत दर्शन सुरू झाले. गळ्याभोवती पेलाचा तो भला मोठा साप, त्याचे खरे तोंड अलेक्झांडरच्या काखेत दडवलेले आणि बाहेर डोकावणारे माणसासारखे तोंड कापडाचे, रंगवलेले. लोकांना एका दाराने आत घ्यायचे आणि लगेच दुसऱ्या दाराने बाहेर काढायचे. चार दिवसांचे पिल्लू एवढे कसे वाढले, हे विचारायलाही कोणाला उसंत नव्हती. देवाचे नाव ठेवले ग्लायकॉन.

मग कौल सुरू झाले. प्रश्न लिहून, मोहोर लावून द्यायचा. उत्तरासह तो परत येई तेव्हा मोहोर शाबूत असे. अलेक्झांडर तापलेल्या सुईने मेणाच्या खालचा भाग सोडवी, मजकूर वाची आणि मेण पुन्हा होते तसे बसवी. कधी मोहोरेचा साचा घेऊन नवी मोहोर उमटवी. माझे कोडे येथे सुटले. आमच्याकडे तर डिंकच होता, मोहोरही नव्हती.

एका कौलाला एक द्राख्मा आणि दोन ओबोल ही नाणी पडत. ल्युसियनच्या हिशोबाने वर्षाला सत्तर-ऐंशी हजारांची कमाई होई. पदरी लेखक, हेर, मोहोर लावणारे, अर्थ सांगणारे असा मोठा कारखाना होता. रोग्यांना पथ्य आणि मलम सांगितले जाई. बरा होशील असा कौल मिळालेला रोगी दगावला, तर मागचा कौल फिरवणारा दुसरा कौल तयार असे. बड्या लोकांनी एखादा धोक्याचा प्रश्न विचारला, तर ती चिठ्ठी परत न करता जवळ ठेवून घ्यायची आणि त्यांना मुठीत ठेवायचे, हाही धंदा होता.

कोणी म्हणेल, अडाणी लोक फसले, त्यात नवल ते काय? पण रोमचा रुटिलियानस हा कॉन्सलपद भूषवलेला सरदार साठीच्या वयात याचा जावई झाला. ती मुलगी चंद्रदेवतेपासून झाली आहे, असे अलेक्झांडरने सांगितले आणि सरदाराने ते मानले! सम्राट मार्कस ऑरेलियसच्या जर्मन युद्धात याच्या कौलाप्रमाणे डॅन्यूब नदीत दोन सिंह सोडण्यात आले. सिंह पोहून पलीकडे गेले, शत्रूने त्यांना सोट्यांनी मारले आणि त्यानंतरच्या लढाईत रोमनांची सुमारे वीस हजार माणसे पडली. १६५ साली साम्राज्यात महामारी आली, तेव्हा याने एक मंत्र वाटला. लोकांनी तो दारांवर लिहिला. ल्युसियन सांगतो की नेमकी तीच घरे जास्त ओस पडली. मंत्राच्या भरवशावर लोकांनी काळजी घेणे सोडले असावे.

आणखी एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. त्या प्रांतातील एक तरुण इजिप्तमध्ये शिकत असता जहाजाने थेट हिंदुस्थानाकडे निघून गेला. नोकर एकटेच घरी परतले. बापाने कौल लावला. मुलाचा खून झाला असे ठरले आणि नोकरांना हिंस्र श्वापदांपुढे टाकण्यात आले. पुढे मुलगा सुखरूप परत आला! एपिक्युरसच्या एका अनुयायाने हे भर सभेत विचारले, तेव्हा अलेक्झांडरने त्याला दगड मारायचा हुकूम दिला. एका प्रतिष्ठित पाहुण्याने मध्ये पडून त्याला वाचवले. एपिक्युरसचे पुस्तक तर त्याने चौकात जाळले. प्रश्न विचारणाऱ्याची त्याला एवढी धास्ती होती.

ल्युसियनने त्याची परीक्षाच घेतली. बंद चिठ्ठीत विचारले, होमर कोठला? चिठ्ठी नेणाऱ्या नोकराने मात्र पढवल्याप्रमाणे सांगितले की मालकाला बरगडीच्या दुखण्यावर औषध हवे आहे. उत्तर आले ते मलम चोळण्याचे! पुढे भेटीत अलेक्झांडरने चुंबनासाठी हात पुढे केला, तर ल्युसियन त्याला कडकडून चावला. अलेक्झांडरने वरवर मैत्री दाखवून परतीच्या जहाजावर त्याचा काटा काढण्याचा बेत केला. तांडेलाने रडत रडत ते पाप नाकारले म्हणून तो वाचला. त्याने फिर्याद करायचे ठरवले. पण रुटिलियानसच्या भीतीने सुभेदाराने त्यालाच गप्प बसवले.

आपण दीडशे वर्षे जगणार, असे अलेक्झांडरचे भाकीत होते. सत्तरीही न गाठता तो पाय सडून मेला. रोगांवर कौल देणाऱ्याच्या उशाशी वैद्य बसले होते. डोक्याला लेप लावताना त्यांच्या लक्षात आले की ते लांब केसही खोटे.

ही हकीगत बहुतेक सारी ल्युसियनची, म्हणजे त्याच्या शत्रूची आहे; तिखटमीठ थोडे असेलही. पण ग्लायकॉनच्या चित्राची नाणी आजही आहेत. १९६२ साली रुमानियातील कॉन्स्टान्झा येथे त्याची संगमरवरी मूर्ती सापडली. अलेक्झांडर मेल्यावरही कित्येक वर्षे त्या सापाची पूजा चालू होती. मला याचेच अधिक वाईट वाटते. भोंदू मरतो, भीती आणि आशा मागे राहतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही गोष्ट आत्याला सांगितली. अंड्याच्या प्रसंगाला ती खूप हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली की पोरगा दातखीळ बसून पडलेला असताना मी विचारायचे तरी कोणाला होते? माझ्याजवळ उत्तर नव्हते. आकडीवर गोळ्या असतात, हे तेव्हा आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मला फक्त लिहिता येत होते.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच शिकलेले आहोत. गावाकडे गेलो की लोक कागद घेऊन आपल्याकडेच येतात. एखादी आत्या, एखादी मावशी उद्या आपल्यालाही चिठ्ठी लिहून मागेल. तिला हसू नये आणि नुसती चिठ्ठीही लिहून देऊ नये. तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जावे. सातवीतल्या त्या चिठ्ठीची एवढी फेड केली तरी आपण शिकलो, असे मी म्हणेन.