फ्रेडरिक मॅककिन्ले जोन्स

फ्रेडरिक मॅककिन्ले जोन्स (१७ मे, इ.स. १८९३ - २१ फेब्रुवारी, इ.स. १९६१) हे एक अमेरिकन संशोधक व यंत्रज्ञ होते. मालट्रकवर बसवता येणारे स्वयंचलित शीतकरण यंत्र विकसित करण्यासाठी ते ओळखले जातात. थर्मो किंग या कंपनीचे ते सहसंस्थापक होते. त्यांच्या नावावर ६० हून अधिक पेटंट असून त्यांपैकी सुमारे ४० शीतकरणाशी संबंधित आहेत.

सुरुवातीचे जीवन

जोन्स यांचा जन्म सिनसिनाटी शहराच्या परिसरात झाला. त्यांचे वडील गौरवर्णीय, तर आई कृष्णवर्णीय होती. आईचा सहवास त्यांना लाभला नाही. वडिलांनी त्यांना एका कॅथलिक धर्मगुरूंकडे सोपवले. वयाच्या सुमारे अकराव्या वर्षी ते तेथून बाहेर पडले व शाळा कायमची सुटली. एका मोटार गॅरेजमध्ये झाडलोट करीत असताना ते दुरुस्तीचे काम शिकले आणि काही वर्षांतच तेथील मुख्य कारागीर झाले.

इ.स. १९१२ मध्ये ते मिनेसोटा राज्यातील हॅलॉक येथे गेले व एका मोठ्या शेतावरील यंत्रांची देखभाल करू लागले. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्यात विजेची कामे केली. हॅलॉकला परतल्यावर त्यांनी गावातील रेडिओ केंद्रासाठी प्रक्षेपक तयार केला. चित्रपटांच्या ध्वनियंत्रणेवरील त्यांच्या कामामुळे मिनीॲपोलिसचे उद्योजक जोसेफ न्यूमेरो यांनी त्यांना आपल्याकडे नोकरी दिली.

शीतकरण यंत्राची निर्मिती

त्या काळी ट्रकमधील नाशवंत माल बर्फावर अवलंबून असे. वाटेत ट्रक बंद पडला वा बर्फ संपला की संपूर्ण माल वाया जाई. इ.स. १९३८ मध्ये एका वाहतूकदाराचा कोंबडीच्या मांसाचा माल उन्हामुळे खराब झाल्याचे न्यूमेरो यांना कळले. यावर उपाय शोधण्याचे काम जोन्स यांनी हाती घेतले.

थंडावा निर्माण करणारी यंत्रे तेव्हाही उपलब्ध होती. मात्र ती एका जागी स्थिर ठेवण्यासाठी बनवलेली होती. रस्त्यावरील हादऱ्यांनी त्यांच्या नळ्यांचे जोड सैल होत व शीतक वायू गळून जाई. जोन्स यांनी हादरे सोसणारी, स्वतंत्र इंजिनावर चालणारी रचना केली. त्यांचे सुरुवातीचे यंत्र ट्रकच्या खालच्या बाजूस होते. तेथे चिखल व धूळ साचून त्यात बिघाड होत असे. त्यामुळे पुढील नमुने वजनाने हलके करून मालकक्षाच्या पुढील भिंतीवर, उंचावर बसवण्यात आले. ट्रकमधील वातानुकूलन यंत्राचे पेटंट त्यांना १२ जुलै, इ.स. १९४९ रोजी मिळाले.

कंडेन्सरवर धूळ साचल्यास उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो व थंडावा कमी होतो. बाष्पकावर हिम जमल्यास हवेचा प्रवाह अडतो. त्यामुळे आजही अशा यंत्रांच्या देखभालीत कंडेन्सरची स्वच्छता, हिम वितळवण्याची यंत्रणा, पट्टे व शीतक वायूची गळती यांची तपासणी महत्त्वाची मानली जाते.

प्रभाव

दुसऱ्या महायुद्धात या यंत्रांचा उपयोग रक्त, औषधे व अन्न टिकवण्यासाठी झाला. पुढे रेल्वे व जहाजांवरील वाहतुकीतही असे शीतकरण रूढ झाले. नाशिकची द्राक्षे परदेशी पोहोचवणारे शीत कंटेनर याच तत्त्वावर चालतात.

सन्मान

इ.स. १९४४ मध्ये अमेरिकेतील शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेचे सदस्यत्व मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. इ.स. १९६१ मध्ये मिनीॲपोलिस येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. इ.स. १९९१ मध्ये त्यांना व न्यूमेरो यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मरणोत्तर देण्यात आले.