किप्लिंग : भय आणि बालकथा

रुडयार्ड किप्लिंग याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील लॉकवुड तेथील सर जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक होते. मुलांच्या खोलीत भिंतीवर पेंढा भरलेले बिबट्याचे डोके होते. मूल झोपते की नाही यावर ते नजर ठेवते, असा बागुलबुवा आयाने उभा केला होता. मीता या गड्याने मात्र ते निव्वळ एका जनावराचे डोके असल्याचे तुच्छतेने सांगितले आणि भय ओसरले. एकदा रुडयार्ड कोंबडीला भिऊन पळाला, तेव्हा वडिलांनी त्या फजितीचे चित्र काढून खाली पद्य लिहिले.

१८७१ मध्ये आईवडिलांनी त्याला इंग्लंडात परक्या कुटुंबात ठेवले. तेथे नरकाचा धाक होता, मीता नव्हता. आधार राहिला तो वाचनाचा.

‘द सेकंड जंगल बुक’मध्ये (१८९५) हाथी हा वृद्ध हत्ती भयाची जन्मकथा सांगतो. पहिल्या वाघाने जंगलात मृत्यू आणला. पुढे भय माणसाच्या रूपाने आले आणि त्याच्यापुढून वाघही पळाला.

किप्लिंग १९३६ मध्ये निवर्तला. त्याचा साम्राज्यवाद आक्षेपार्हच आहे. तथापि भय लपविण्याऐवजी त्याला नाव, रूप आणि कथा देणे, हे त्याच्या बालसाहित्याचे मर्म मुंबईतील त्या खोलीतच रुजले असावे.