सुरश्री केसरबाई केरकर आणि त्यांची गानरुची

गोमंतकात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक आपल्या पेडणे महालात तेरेखोल नदीच्या मुखाशी, दुसरे सत्तरीत, तिसरे फोंडे महालात. त्यामुळे सुरश्री केसरबाई केरकर या पेडण्याच्याच, असे ठासून सांगणारे वडीलधारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत, व त्यांचा उत्साह पाहून त्यांचे म्हणणे खोडून काढणे आमच्या जिवावर आले. वस्तुतः केसरबाई फोंड्याच्या केरीच्या. डिचोलीकरांचा मात्र त्यांच्यावर थोडा खरा हक्क आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

केसरबाईंचा जन्म 13 जुलै 1892 रोजी झाला. त्या काळी गोमंतकावर पोर्तुगीजांचा अंमल होता. केरीस श्रीविजयादुर्गेचे देवालय आहे. आणि त्या काळच्या गोमंतकात देवालय म्हटले की पालखी, कीर्तन, भजन, जत्रेतील नाटक हे सर्व आलेच. मुलाच्या कानावर पहिला सूर पडे तो देवाच्या दारी. केसरबाई ज्या कलावंत समाजात जन्मल्या, त्या समाजातील स्त्रियांच्या गाण्यावाचून कित्येक देवळांतील उत्सव पुरा होत नसे. परंतु गाणे हवे आणि गाणारीस मान नको, अशी आपल्या लोकांची रीत होती. आम्ही पूजा करणाऱ्याच्या घरात वाढलो असल्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. तथापि ते वगळून केसरबाईंचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आठव्या वर्षी त्यांस कोल्हापुरास नेण्यात आले, आणि तेथे अब्दुल करीम खांसाहेबांकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. हे शिक्षण वर्षभरही टिकले नाही. खांसाहेबांच्या गाण्यात सुराचा गोडवा मुख्य. एकेक सूर शांतपणे उलगडत जावयाचा. आठ वर्षांच्या मुलीस त्यातले किती उमगले असेल, कोण सांगणार? पण गोड सुराची गोडी लागावयास समज लागतेच असे नाही. आपल्या घरची लहान मुले आरतीचा अर्थ न कळताही चालीवर डोलतातच.

गोमंतकात परत आल्यावर त्यांस दुसरे गुरू लाभले ते रामकृष्णबुवा वझे. बुवांचा जन्म 1871 सालचा, सावंतवाडी संस्थानातला. म्हणजे आपल्या पेडण्याचे शेजारीच. विद्येसाठी ते ग्वाल्हेरीपर्यंत गेले व ती गायकी आत्मसात करून आले. डिचोली महालातील लामगाव येथे बुवांचे येणे होत असे, आणि त्या मुक्कामांत केसरबाई त्यांच्याकडे शिकल्या. डिचोलीकरांचा हक्क म्हणतो तो हाच. फोंड्याच्या केरीहून लामगावास यावयाचे तर मध्ये मांडवी आडवी. बुवांचे गाणे जोरकस, आक्रमक, अनवट रागांची आवड असलेले. खांसाहेबांच्या मृदू वळणाहून अगदी निराळे. एकाच बालिकेच्या कानाने दोन्ही ऐकली. आमच्या मते रुचीची वाढ येथूनच धरावी. कारण एकच प्रकार ऐकणारास आवड असते, निवड नसते.

सोळाव्या वर्षी त्या आई व मामांसह मुंबईस गेल्या. तेथे एका धनिक शेटजींच्या साहाय्याने बरकतुल्ला खां यांची तालीम मिळाली. हे खांसाहेब सतारिये, पतियाळा दरबारचे. तंतकाराकडून गायनाची विद्या घेणे म्हणजे शब्द बाजूस ठेवून केवळ स्वरांची गुंफण पाहावयास शिकणे होय. पण हीही तालीम खंडित. दोन वर्षांत ती संपली व खांसाहेब म्हैसूर दरबारी गेले. त्यानंतर काही काळ भास्करबुवा बखले यांजकडे व पुनश्च वझेबुवांकडे शिक्षण झाले. भास्करबुवा म्हणजे बालगंधर्वांचे गुरू. 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली देणारे ते हेच.

चार थोर गुरू झाले, पण एकाही गुरूची विद्या पूर्ण हाती आली नाही. अशा अवस्थेत बहुतेक माणसे थांबतात. चार ठिकाणचे सुंदर तुकडे जवळ असतात, श्रोते खूश होतात, द्रव्यही मिळते. केसरबाईंच्या चरित्रातील मोठी गोष्ट ही की त्या थांबल्या नाहीत. त्यांनी अल्लादिया खांसाहेबांचे गाणे ऐकले होते, आणि जे आपणांस येते त्याहून श्रेष्ठ काय ते त्यांच्या कानास कळले होते. कान पुढे गेला आणि गळा मागे राहिला, याचे दुःख ज्यास झाले त्यासच ते ठाऊक.

अल्लादिया खांसाहेब हे जयपूर-अत्रौली गायकीचे आद्य पुरुष, कोल्हापूर दरबारचे गवई. ते सहजासहजी शिकवावयास तयार होईनात, आणि झाले ते कठीण अटी घालून. 1921 साली केसरबाईंनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. वय एकोणतीसच्या घरात. या वयात बाईने नव्याने सा लावावयास बसावयाचे आणि घोटून बसलेली वळणे गळ्यातून काढून टाकावयाची, हे शिकण्याहून अवघड काम आहे. ही तालीम दहा वर्षांहून अधिक चालली. खुला आकार, लयीशी बांधलेली आलापी, श्वास कोठे घेतला हे कळू न देता चाललेली तान, दोन राग एकजीव करणारे जोडराग, हे या गायकीचे विशेष. पहिल्या श्रवणात ती आवडावी अशी नाही. ती ऐकणाराकडूनही काही मागते.

येथे थोडे स्वतःविषयी. हायस्कुलात असता आम्ही केसरबाईंची ललितागौरीची ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकली व आम्हांस ती मुळीच आवडली नाही. आमची गोडी नाट्यपदांची व भजनांची. शब्द कळेनात, चाल हाती लागेना. तीन मिनिटेही लांब वाटली. पुढे दिवेलागणीस समया लावण्याचे काम आमच्याकडे आले, आणि केवळ ती वेळ या रागाची म्हणून आम्ही ती मुद्रिका पुन्हापुन्हा लावीत गेलो. केव्हा आवडू लागली ते सांगता येणार नाही. मात्र आता ती लवकर संपते अशी आमची तक्रार आहे. तेव्हा जत्रेत मोठ्या कर्ण्यावर वाजणाऱ्या सिनेमाच्या चालींची भजने आवडणाऱ्या आमच्या मित्रांस आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांनी तेथेच मुक्काम करू नये, एवढेच.

तालमीनंतर केसरबाईंची कीर्ती देशभर पसरली. रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या गायनाचे चाहते होते. कलकत्त्याच्या रसिकांनी 1948 साली सुरश्री ही पदवी दिली. 1953 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1969 साली पद्मभूषण व महाराष्ट्र शासनाकडून राज्यगायिका हा मान. ज्या समाजातील बाईस देवळात मानाची जागा नव्हती, तिच्यापुढे मोठमोठे लोक अदबीने बसू लागले. त्यांचा दरारा जबर होता. बैठकीत कुजबूज खपत नसे. काहींनी त्यास गर्व म्हटले. आम्हांस तो सारा गर्व वाटत नाही. जिने एकेका सुरासाठी एवढे मोल दिले, तिने तो स्वस्त का करावा?

ध्वनिमुद्रणाविषयीही त्या फार चोखंदळ होत्या. म्हणून त्यांच्या मुद्रिका थोड्या. 1963-64च्या सुमारास त्यांनी जाहीर गायन थांबविले. शिष्यही मोजक्याच केल्या. त्यांत धोंडूताई कुलकर्णी यांनी ती विद्या 2014 साली देहावसान होईपर्यंत सांभाळली.

16 सप्टेंबर 1977 रोजी केसरबाई निवर्तल्या. त्याच वर्षी 20 ऑगस्टला व 5 सप्टेंबरला अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवरील सुवर्णतबकडीत जगभरच्या निवडक संगीतात भारताचे एकच गायन आहे, केसरबाईंची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची.

केरीस त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे, व कला अकादमीतर्फे त्यांच्या नावाने संगीत समारोह होत आला आहे. एका वर्षी आम्ही तीर्थरूपांस घेऊन त्या समारोहास गेलो. त्यांना पहाटेची पूजा असल्यामुळे मध्यंतरातच परतावयाचे ठरले होते. मध्यंतर झाले, आम्ही उठलो. ते उठले नाहीत. भैरवी झाल्यावर निघालो. घरी पोचल्यावर त्यांनी स्नान केले आणि तसेच देवळात गेले.